शोधकाच्या रकान्यात

अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत मुकुल वर्तक यांचं ऑफिस होतं. वर्तक पेटंट एजंट. कुणी काही नवं यंत्र, नवं औषध, नवी पद्धत शोधून काढली की ते त्याचं इंग्रजीत वर्णन लिहून सरकारकडे अर्ज करून देत. जान्हवी घाडी त्यांच्याकडे पाच वर्षं ई-फायलिंग बघायची. फॉर्म भरायचे, वर्णन आणि आकृत्या पीडीएफ करून पोर्टलवर चढवायच्या, वर्तकांच्या डिजिटल सहीची किल्ली कॉम्प्युटरला लावायची, सही उमटली की पावती काढून फाइलला लावायची. पान क्रमांक कुठे बसतो, समास किती सोडायचा, आकृतीवर अक्षरं किती मोठी हवीत, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पाच वर्षांत तिचा एकही अर्ज त्रुटी काढून परत आला नव्हता.

नवीन माणूस फोनवर विचारायचा, अर्ज भरला की पुढे काय. जान्हवीचं उत्तर ठरलेलं असायचं. अर्ज अठरा महिने गुप्त राहतो. मग शुक्रवारी निघणाऱ्या सरकारी जर्नलमध्ये छापला जातो. घाई असेल तर फॉर्म नऊ भरायचा, म्हणजे महिन्याभरात छापतात. पण एकदा छापला की तो सगळ्या जगाने वाचला असं धरतात. छापलेलं परत घेता येत नाही.

एका फेब्रुवारीत तिचे वडीलच अशील म्हणून ऑफिसात आले.

दशरथ घाडी मरोळ एमआयडीसीतल्या जयवंतशेठच्या गाळ्यात फिटर होता. गाळ्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं निघायची. सहा पॉवर प्रेस, सगळ्या जुन्या, पायाने पायडल दाबलं की वरचा डाय खाली येऊन पत्र्यातून झाकण कापणाऱ्या. त्याची बायको सुलक्षणा त्याच गाळ्यात प्रेसवर होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं डायखाली गेली. उरली अंगठा आणि करंगळी. त्यानंतर शेठने तिला पॅकिंगला बसवलं. दोन वर्षं ती झाकणं मोजून खोक्यात भरत समोरच्या प्रेसकडे बघत बसली, आणि मग काम सोडून घरी राहिली.

घरी राहिली तेव्हाच तिने प्रेससाठी एक खण केला. असल्फ्याला झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या त्यांच्या खोलीत शिलाई मशीनचं जुनं टेबल होतं. त्याचा लाकडी खण तिने काढला. पत्रा हाताने डायखाली ठेवायचाच नाही, खणात ठेवायचा आणि खण आत सरकवायचा. खणाला मागे एक जीभ, पायडलच्या दांडीला एक खाच. खण पूर्ण आत गेल्याशिवाय जीभ खाचेतून सुटत नाही, आणि ती सुटल्याशिवाय पायडल दबत नाही. खण आत म्हणजे हात बाहेर. वीज नको, सेन्सर नको. सुलक्षणाने डाव्या हाताने वहीच्या पुठ्ठ्यावर आकृती काढली, प्लायवूड कापून घेतलं, आणि मुलुंडला तिच्या ओळखीच्या शांताबाईंच्या गाळ्यात नेऊन एका प्रेसला बसवलं. शांताबाईंकडे सहा बायका कामाला होत्या. त्या तो खण वापरायला लागल्या. पुढे शांताबाईंनी तसेच आणखी तीन करून घेतले.

दशरथने ते सगळं उशिरा बघितलं. बघितल्यावर मात्र त्याने त्यात हात घातला. प्लायवूडच्या जागी लोखंड आणलं, जिभेला स्प्रिंग लावली, खण अडकायचा तो अडकेनासा केला. ते त्याचं काम खरंच चांगलं होतं. जयवंतशेठने गाळ्यात बघून सांगितलं की याचं पेटंट घे, आपण दोघं मिळून हे विकू, तू भागीदार. तीस वर्षं शेठच्या प्रेस दुरुस्त करणारा माणूस एका दुपारीत भागीदार झाला.

म्हणून तो फेब्रुवारीत वर्तकांसमोर बसला. सुलक्षणा तेव्हा कुडाळजवळ माहेरी होती, तिची आई शेवटच्या दुखण्यात होती. वर्तकांनी विचारलं की हे कुणी शोधलं, आणखी कुणाचा वाटा आहे का. दशरथ म्हणाला, मी. जान्हवी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली होती. वर्तकांनी तिच्याकडे बघितलं.

"हो सर," ती म्हणाली. "बाबांनीच."

मेट्रोने घरी जाताना तिने वडिलांना विचारलं की आईचं नाव का नको. दशरथने शांतपणे कारणं सांगितली. आई गावी आहे, तिची सही लागेल, तिची डाव्या हाताची सही बँकसुद्धा धड घेत नाही. शेठला पुढच्या सोमवारी गिऱ्हाइकाला कागद दाखवायचा आहे. आणि उद्या कुणी इंग्रजीत चार प्रश्न विचारले तर ती काय सांगणार. नाव मागाहून घालता येतं ना, तूच सांगतेस. जान्हवीला माहीत होतं की मागाहून घालता येतं, फॉर्म आठ असतो त्याला. तिने स्वतःची तेवढ्यावर समजूत घातली.

वर्णन लिहायला वर्तकांना मजकूर हवा होता, तो दशरथने रविवारी घरी मराठीत सांगितला आणि जान्हवीने इंग्रजीत टाईप केला. प्रत्येक अर्जात सुरुवातीला लिहावं लागतं की आधी काय अडचण होती, नवीन शोधाची गरज का पडली. तिथे दशरथने सांगितलं की एका अकुशल बाई कामगाराने लक्ष नसताना डायमध्ये हात घातला आणि तिची तीन बोटं गेली. जान्हवीचा हात कीबोर्डवर थांबला. दशरथ म्हणाला, "नाव कुठे घातलंय मी? टाईप कर."

तिने टाईप केलं. वर्तकांनी भाषा साफ केली, ते वाक्य तसंच ठेवलं. त्यांना ते आवडलं होतं, एखादी खरी घटना असली की वर्णनाला वजन येतं म्हणाले. शुक्रवारी जान्हवीने अर्ज भरला. शोधकाच्या रकान्यात दशरथ बाबाजी घाडी. सोबत तपासणीची विनंती, सोबत फॉर्म नऊ, कारण शेठला घाई होती. सही उमटली, पावती आली. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

सुलक्षणा आईचे दिवस करून परत आली तोवर मार्च अर्धा सरला होता. तिला दशरथने एवढंच सांगितलं की खणाचा अर्ज टाकलाय. तिने विचारलं, कुणाच्या नावाने. तो म्हणाला, घराच्या नावाने. घर म्हणजे आपणही आलो असं तिने धरलं असावं.

पुढच्या शुक्रवारी अर्ज जर्नलमध्ये छापून आला. दशरथने जान्हवीकडून सगळी बावीस पानं प्रिंट करून आणवली आणि शेजारीपाजारी दाखवून आला. संध्याकाळी पानं टेबलावर पडली होती. सुलक्षणाने जान्हवीला ती मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. जान्हवीने वाचलं. खण, जीभ, खाच, स्प्रिंग, सगळं सांगितलं. पहिल्या पानावरचं नाव तिने भरभर वाचलं आणि तिसऱ्या पानावरचं ते वाक्य गाळलं.

दुसऱ्या दिवशी जान्हवी आंघोळ करून बाहेर आली तेव्हा आई टेबलाशी उभी होती. डाव्या हातात मोबाइल, कॅमेरा कागदावर धरलेला. इंग्रजी मजकुराचं मराठी करून दाखवणारं ते ॲप जान्हवीनेच तिला औषधांच्या पाकिटांवरचं वाचायला घालून दिलं होतं. स्क्रीनवर वेडीवाकडी मराठी अक्षरं थरथरत होती. अकुशल महिला चालक. तिच्या दुर्लक्षामुळे. तीन बोटे.

सुलक्षणाने मोबाइल खाली ठेवला. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं की आता माझं नाव त्यात घालायचं तर काय करावं लागतं. जान्हवीने घाईघाईने सगळं सांगितलं. फॉर्म आठ. बाबांनी मान्य केलं तर फार अवघड नाही, नाही केलं तर सुनावणी. आणि ते वाक्य? ते वाक्य आता निघणार नाही, ते छापलं गेलं. सुलक्षणाने मान हलवली आणि डाळ धुवायला घेतली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं. तिच्या बोलण्यात विनंती होती, हे जान्हवीने नंतर स्वतःशी कबूल केलं. तिने म्हटलं की तुमचं नाव पहिलं राहू दे, माझं खाली घाला. दशरथ जेवत राहिला. त्याला खरोखरच वाटत होतं की प्लायवूडचा तो खोका म्हणजे काही यंत्र नव्हे, ते त्याच्या हातांनी यंत्र झालं. शिवाय शेठसमोर आता दुसरं नाव कुठून काढायचं. तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने हात धुतला, पुसला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला,

"हात तू घातलंस. मशीन मी केलंय. आपापला वाटा आपापल्याकडे रवांदे."

आणि तो खाली पानाच्या टपरीवर गेला.

जान्हवी ताटं उचलत होती. सुलक्षणा तिला म्हणाली, बस. मग तिने नऊ वर्षांत घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या आठवड्यात तिची प्रेस दोनदा दुहेरी पडली होती. म्हणजे पायडल एकदा दाबलं की डाय दोनदा खाली यायचा. क्लचमधली चावी झिजली की असं होतं, आणि ती बदलणं फिटरचं काम. तिने दशरथला दोन्ही वेळा सांगितलं. तो म्हणाला, ऑर्डर निघून जाऊ दे, प्रेस बंद केली तर शेठ ओरडेल. तिसऱ्या वेळी तिचा हात आत होता. पत्रा काढायला, पहिला घाव पडून गेल्यावर, जसा रोज असायचा तसा. कारखान्यांचा इन्स्पेक्टर आला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. दशरथने त्याला सांगितलं की बायको शेजारणीशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. चावी त्याने इन्स्पेक्टर यायच्या आदल्या रात्रीच बदलून टाकली होती.

"मी का नाय बोलले माहिती आहे?" सुलक्षणा म्हणाली. "तुझी दहावी होती. दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या."

जान्हवी रडायला लागली. आई तिच्याकडे बघत राहिली, जवळ आली नाही. मग तिने विचारलं की हा अर्ज करायच्या आधीपासून ती वस्तू कुठे उघडपणे वापरात असेल तर काय होतं.

जान्हवीला उत्तर माहीत होतं. अर्ज छापून आला की कुणीही हरकत घेऊ शकतं, फॉर्म सात-ए. वस्तू आधीच लोकांत वापरात होती हे सिद्ध झालं तर ती नवीन नाही असं ठरतं. मग पेटंट नाकारतात. दशरथला मिळत नाही, सुलक्षणालाही कधी मिळणार नाही. खण ज्याला हवा त्याने करावा.

"मग घाल ती हरकत."

जान्हवीने समजावून बघितलं. बाबांची भागीदारी जाईल. या वयात दुसरी नोकरी मिळणार नाही. आणि तिची स्वतःची नोकरी, ज्या ऑफिसने अर्ज भरला तिथलीच मुलगी विरुद्ध बाजूचे कागद करते हे कळलं तर वर्तक एक दिवस ठेवणार नाहीत. त्यापेक्षा फॉर्म आठ लढू, उशीर लागेल पण आई, तुझं नाव येईल. सुलक्षणाने सगळं ऐकून घेतलं.

"ता वाक्य तूच टाईप केलंस मा?"

"हो," जान्हवी म्हणाली.

"मग ह्याय टाईप कर."

पुढचे तीन आठवडे जान्हवी दिवसा वर्तकांचे अर्ज भरत होती आणि सुट्टीच्या दिवशी मुलुंडला शांताबाईंच्या गाळ्यात जाऊन वडिलांच्या अर्जाविरुद्ध पुरावा गोळा करत होती. शांताबाई साठीच्या, जाड भिंगांच्या, भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांच्या मोबाइलमध्ये हळदीकुंकवाचे फोटो होते, गाळ्यातच काढलेले, बायका वाण घेऊन ओळीने उभ्या आणि मागे चार प्रेसना चार लाकडी खण. फोटोवर तारीख होती, अर्जाच्या दोन वर्षं आधीची. कामगार बायकांनी एकेक प्रतिज्ञापत्र दिलं. शांताबाईंनी जान्हवीला विचारलं की तुझ्या बापाला हे ठाऊक आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी तिला चहा विचारला नाही.

सुलक्षणाची स्वतःची डिजिटल सही काढावी लागली. त्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवून नाव सांगत व्हिडिओ करायचा असतो. तिने केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि कॅमेऱ्याकडे बघून आपलं पूर्ण नाव सांगितलं, सुलक्षणा दशरथ घाडी. एका शनिवारी, दशरथ गाळ्यावर असताना, त्याच टेबलावर जान्हवीने हरकतीचा अर्ज पोर्टलवर चढवला. पानं क्रमाने, समास सोडून, पुराव्यांना अक्षरं घालून. शेवटचं बटण आईने दाबलं, अंगठ्याने.

हरकतीची नोटीस वर्तकांच्या ऑफिसच्या ईमेलवर आली. ते ईमेल सकाळी उघडायचं काम जान्हवीचंच होतं. तिने नोटीस प्रिंट केली, फाइलला लावली आणि वर्तकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हरकत घेणाऱ्याचं नाव वाचून वर्तकांनी चष्मा काढला. मग सगळी पानं उलटली. मसुदा कुणाचा आहे हे त्यांना दुसऱ्याच पानावर कळलं असावं, कारण परिच्छेदांना क्रमांक घालायची ती पद्धत त्यांनीच तिला शिकवली होती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं आणि ऑफिसातल्या बाकीच्या पाचही जणांना केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांसमोर तिच्याकडून लॅपटॉप, ओळखपत्र आणि कपाटाच्या चाव्या काढून घेतल्या. अनुभवाचं पत्र मिळेल का, तिने विचारलं. वर्तक म्हणाले की देईन की, त्यात खरं तेच लिहीन, चालेल ना. तिने पत्र नको म्हणून सांगितलं.

त्यांनी दशरथला तिच्यासमोरच फोन लावला.

त्या संध्याकाळी दशरथ घरी आला तेव्हा दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. जान्हवीला वाटलं तो हात उगारेल. तो आईकडे बघतही नव्हता. तो मुलीसमोर उभा राहिला आणि म्हणाला की तिच्याकडून मला अपेक्षा नव्हती, तुझ्याकडून होती. जान्हवी बोलायला गेली, चावीचं, क्लचचं, इन्स्पेक्टरचं. तो मध्येच म्हणाला की तुला वाढवली ती त्याच नोकरीने, तेव्हा कशी खाल्लीस. त्यानंतर तो घरात जेवेनासा झाला. गाळ्याजवळच्या खानावळीत जेवून यायचा, येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिघंही एकाच छपराखाली, एकाच मोरीत, पण सुनावणीपर्यंतचे नऊ महिने त्याने दोघींपैकी कुणाशी शब्द काढला नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली. दशरथ वर्तकांच्या केबिनमधून, सुलक्षणा असल्फ्याच्या खोलीतून, जान्हवीने शेजारणीकडून मागून आणलेल्या लॅपटॉपवर. आदल्या दिवशी जान्हवीने आईला एकच गोष्ट समजावली होती. खण मी शोधला असं तू म्हणालीस तर वर्तक म्हणतील की हे नवराबायकोचं भांडण आहे, शोधक कोण याचा वाद आहे, आणि प्रकरण वर्षभर लांबेल. तू फक्त वापराचं बोल.

अधिकारी मध्यमवयीन, सौम्य आवाजाचे होते. हिंदीत बोललं तरी चालेल म्हणाले. वर्तकांनी बाजू मांडली की मुलुंडचे ते खोके म्हणजे अर्जदाराच्याच प्रयोगाचे नमुने, त्याच्या सांगण्यावरून, बंद गाळ्यात, ओळखीच्या माणसांत ठेवलेले. त्याला उघड वापर म्हणता येत नाही. अधिकाऱ्यांनी दशरथला विचारलं. दशरथ खुर्चीत पुढे सरकला. तो म्हणाला की हो, सगळं मीच सांगितलं होतं, फळ्या मीच कापून दिल्या होत्या. बायकोला मशीनमधलं काय कळतंय, ती नेऊन ठेवायला गेली एवढंच.

जान्हवीने आईच्या तोंडाकडे बघितलं नाही, बघायची तिची हिंमत झाली नाही. अधिकाऱ्यांनी आता सुलक्षणाला विचारलं. गाळ्यात कोण कोण यायचं? गिऱ्हाइकं यायची, पत्रा देणारे यायचे, चहावाला यायचा, हळदीकुंकवाला अख्खी चाळ यायची. खण झाकून ठेवायचे का? नाही. कुणाला सांगू नका असं कुणी बजावलं होतं का? नाही. आणि मग त्यांनी कागद बाजूला करत, नोंदीसाठी म्हणून विचारलं की मुळात हे बनवलं कुणी.

सुलक्षणाचा उजवा हात मांडीवर होता, पदराखाली. तो तिने वर घेतला नाही.

"बनानेवाला कोई भी होगा, साब," ती म्हणाली. "इस्तेमाल में था, इतनाच मेरा बोलना है."

सहा आठवड्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर, कारण वस्तू अर्जाच्या आधीपासून लोकांच्या वापरात. निकालात सुलक्षणाचा उल्लेख हरकतदार असा होता. खण कुणाच्या डोक्यातून आला याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

जयवंतशेठला निकाल दशरथनेच नेऊन दाखवला. शेठने वाचून घेतला आणि विचारलं की म्हणजे आता हे कुणीही बनवू शकतं. दशरथ म्हणाला, हो. मग भागीदारी कसली, शेठ म्हणाला, आणि त्यात कटुता नव्हती. आकृत्या छापलेल्याच होत्या, जर्नलमध्ये, मापांसकट. शेठने त्या काढून वसईच्या एका कारखान्याला खण बनवायला दिले. दशरथ एकोणसाठचा झाला होता. दोन महिन्यांनी जुन्या प्रेस भंगारात निघाल्या आणि त्यांच्यासोबत फिटरची गरजही संपली.

दशरथ घरी बसला. आता जेवायला घरातच लागायचं. सुलक्षणा त्याचं ताट वाढून टेबलावर ठेवायची, झाकण घालून, आणि आत निघून जायची. जान्हवीला बोरिवलीला एका वकिलाकडे टायपिंगचं काम मिळालं. ती सकाळी लवकर निघायची आणि जितकं उशिरा येता येईल तितकं उशिरा यायची.

नोव्हेंबरात जयवंतशेठ स्वतः असल्फ्याला आला. तो दशरथशी दोन शब्द बोलला आणि मग सुलक्षणाकडे वळला. गोरेगावला यंत्रांचं प्रदर्शन होतं, तिथे त्याने खणांचा स्टॉल घेतला होता. खण विकायचा तर तो समजावून सांगणारं माणूस हवं होतं. आणि शेठने आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमच्याइतकं पटेल असं कुणी सांगू शकणार नाही. तो तिच्या हाताकडे बघून बोलत होता. गिऱ्हाईक हात बघतं, मग खण बघतं. चार दिवसांचं काम आहे, पुढेही शहरोशहरी प्रदर्शनं आहेत.

जान्हवीला वाटलं आई त्याला दाराबाहेर घालवेल. सुलक्षणाने विचारलं की स्टॉलवर प्रेस चालू ठेवणार की नुसती उभी. चालू, शेठ म्हणाला. मग ती चालवायला, पत्रे लावायला, डाय बदलायला माणूस लागेल. ती म्हणाली की मी येईन, पण हाताखाली माणूस मी सांगेन तो. आणि तिने खिडकीशी बसलेल्या दशरथकडे बोट दाखवलं. दशरथने मान वर केली नाही. नाही असंही म्हणाला नाही. त्याला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, जान्हवी बोरिवलीहून तिथे गेली. स्टॉलसमोर पंधरावीस जण जमले होते, कुणी कारखानदार, कुणी इंजिनिअरिंगची मुलं. सुलक्षणाने शेठच्या कंपनीचं नाव छापलेलं जाकीट साडीवर घातलं होतं. उजवा हात तिने वर धरला होता, सगळ्यांना दिसेल असा, आणि ती खणखणीत आवाजात समजावत होती की डाय एकदा खाली येतो, हात पत्रा काढायला आत जातो, आणि चावी झिजलेली असली तर डाय पुन्हा खाली येतो. हे फिटरला आधी कळतं, ती म्हणाली. पुढच्या रांगेतले लोक तिच्या हाताकडे बघत होते. एकाने मोबाइल वर केला.

प्रेसमागे निळा डगला घालून दशरथ उभा होता. प्रेसच्या आडोशाला इतका वाकून, की समोरून कुणाला चटकन दिसलाही नसता.

जान्हवीच्या जन्मापासून आणि त्याआधीपासून सुलक्षणाने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. अहो म्हणायची, नाहीतर जान्हवीचे बाबा. नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यात. तिने खण बाहेर ओढला, मोकळा करून लोकांना दाखवला, आणि मागे न वळता म्हणाली,

"दशरथ, दुसरा पत्रा लाव."

समोरच्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दशरथने पत्र्यांच्या चवडीतून एक उचलला, फडक्याने पुसला आणि खणात ठेवला. पत्रा कोपऱ्यात तिरका बसला.

"सरळ," सुलक्षणा म्हणाली. "सरळ लाव."

त्याने तो काढून पुन्हा लावला.